सड्यावरून देवाच्या खोलीकडे

कोकणात समुद्र दिसणं वेगळं आणि समुद्राशी पोचणं वेगळं. मधे अख्खा डोंगर असतो. राजापूर तालुक्यातल्या कशेळीत हा फरक मला जितका स्वच्छ समजला तितका दुसरीकडे कुठे समजला नाही. रत्नागिरीहून पावस, पूर्णगड, गावखडी अशी गावं घेत दक्षिणेला आलं की रस्ता चढाला लागतो आणि आपण सड्यावर येतो. सपाट, उघडा, तांबूस-काळा कातळ. जवळ समुद्र आहे याची एवढीच खूण की वाऱ्याला ओल असते आणि ओठांवर मीठ येतं. मग देवघळी नावाच्या किनाऱ्याच्या वर एके ठिकाणी जमीन एकदम संपते. खाली, फार खाली, कड्यांच्या कोंडाळ्यात निळंहिरवं पाणी आत-बाहेर करत असतं.

संध्याकाळी इथे गाड्या थांबतात, माणसं कडेला उभी राहून सूर्यास्त बघतात. बघण्यासारखाच असतो तो. मीही तिथे कितीतरी वेळ उभी राहिले आहे. पण एक गोष्ट तिथे उभं राहिल्यावर लक्षात येते: लाट फुटलेली दिसते आणि तिचा आवाज क्षणभर मागाहून येतो. डोळ्यांना मिळालेला समुद्र कानांना उशिरा मिळतो, आणि पायांना तर मिळतच नाही. मला त्या पायांच्या समुद्राविषयी लिहायचं आहे. म्हणजे खरं तर त्याच्याकडे नेणाऱ्या वाटेविषयी, कारण ती वाट जायच्या बेतात आहे.

कशेळीला मी ज्यांच्याकडे उतरते त्या काकी कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, काढायला खाली जातात. पूर्वी वाडीतल्या पाच-सात जणी मिळून जायच्या, आता कधी दोघी, कधी एकट्या. "तुला यायचं तर ये, पण मी सांगेन त्या दिवशी," असं त्यांनी मला बजावून ठेवलं होतं. त्या दिवसाचं गणित भिंतीवरच्या कॅलेंडरात असतं. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची तिथी घ्यायची आणि तिची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ निघते. तृतीया असेल तर सव्वादोन. त्यातून सहा तास वजा केले की सव्वाआठ, म्हणजे सकाळी सव्वाआठच्या सुमाराला पाणी सगळ्यात खाली. हिशेब ढोबळ आहे, मोबाईलवरची भरती-ओहोटीची कोष्टकं जास्त नेमकी असतात. पण या हिशेबाला रेंज लागत नाही, आणि काकींच्या सासूबाई अक्षरओळख नसताना तो बिनचूक करायच्या. अष्टमीच्या आगेमागे मात्र जायचंच नाही. तेव्हा भांगाचं पाणी. ओहोटी लागली तरी खडप, म्हणजे किनाऱ्याचे खडक, पुरते उघडे पडत नाहीत, आणि कालवं खालच्या अंगाला असतात. जायचं ते उधाणाच्या दिवसांत, जेव्हा पाणी चढतं तसंच उतरतंही भरपूर.

तर पौष वद्य तृतीया. उजाडायच्या आत निघालो. आधी सडा ओलांडायचा. पावसाळ्यात याच कातळावर सीतेची आसवं, गेंद, तेरडा यांचा नुसता गालिचा असतो. पौषात त्यातलं काही उरत नाही. गवत कापून नेलेलं असतं आणि कातळ उघडा पडतो. मला सडा असाच आवडतो, कारण तेव्हा त्यावरचं कोरीवकाम दिसतं. कशेळीच्या सड्यावर हत्तीचं एक कातळशिल्प आहे, सुमारे 18 मीटर लांब आणि 13 मीटर रुंद, आणि त्या हत्तीच्या अंगात इतर जनावरांच्या, पक्ष्यांच्या, माशांच्या आकृत्या दाटीवाटीने कोरलेल्या आहेत. कोकणातली जी नऊ कातळशिल्प-ठिकाणं 2022 साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली, त्यांत बारसू, उक्षी, देवाचे गोठणे यांच्याबरोबर कशेळीही आहे. या चित्रांविषयी बोलताना लोक नेहमी हत्ती, वाघ, गेंडा यांच्याकडे वळतात. माझं मन दर वेळी माशांपाशी अडतं. कोकणातल्या या कातळांवर पाकट आहे, मुशी आहे. ज्याने सड्यावर बसून पाकट कोरला त्याने तो जवळून बघितला असणार, उलटा करून त्याचं तोंड कुठे असतं हेही पाहिलं असणार. म्हणजे तो खाली जाऊन आलेला आहे. लिपी येण्याच्या कितीतरी आधी या कड्यावरून खाली जाणारी आणि वर येणारी वाट होती. आपण उतरतो ती तीच वाट असं म्हणायला आधार नाही, पण उतारावर पाय ठेवायच्या जागा फार थोड्या असतात, आणि त्या माणसाला सापडल्या त्याच आपल्यालाही सापडतात, असं मला उतरताना सतत वाटत राहतं.

सड्याची कड आली की आधी गडगा, म्हणजे दगड रचून केलेलं कुंपण, लागतो, मग शेवटची कलमं. मोहोराचे दिवस होते. थंड पहाटेच्या हवेत तो वास जड होऊन जमिनीलगत साचलेला असतो. गडग्याला एक फट आहे, तिच्यातून आडवं होऊन बाहेर पडायचं. तिथून खरी वाट.

सुरुवातीला ती पाखाडी आहे. जांभ्याचे चिरे लावून केलेल्या पायऱ्या, कुणी केल्या ते आज वाडीत कुणाला सांगता येत नाही. काही चिरे जागेवर, काही कलंडलेले, काही मधेच गायब. दोन्ही बाजूंनी करवंदीच्या जाळ्या आत आलेल्या. काकी पुढे, हातात कोयती, चालता चालता आडवी आलेली फांदी उडवत. त्यांची चाल बघण्यासारखी. त्या तिरप्या उतरतात, एक खांदा डोंगराकडे, पाऊल पूर्ण टेकवून, गुडघा कधीच ताठ नाही. मी सरळ खाली तोंड करून उतरत होते, तर म्हणाल्या, "घाई नको गो. पाणी पळून जात नाही. आडवी उतर."

पाखाडी संपते तिथून घसारा. जांभ्याचे बारके गोल खडे वाटेवर पसरलेले असतात आणि त्यावर पाय ठेवला की गोट्यांवर ठेवल्यासारखा सरकतो. वर वाळलेलं गवत असेल तर अधिकच. पावसात इथे शेवाळ असतं, तेव्हा या वाटेचं कुणी नावही काढत नाही. धरायला झुडपं आहेत, पण कुठलं धरायचं हे माहीत हवं. कुड्याची फांदी चिवट, तिच्यावर भार देता येतो. पांगारा दिसायला दांडगा, पण लाकूड हलकं, मऊ आणि वर काटे. करवंद धरायचा प्रश्नच नाही, तीच आपल्याला धरते.

अर्ध्या उतारावर एक गंमत होते. पायाखालचा रंग बदलतो. वर तांबडा, भोकाभोकांचा जांभा असतो. खाली येता येता पांढुरकी, जांभळट, साबणासारखी मऊ चिकण लागते आणि तिच्याही खाली काळाकभिन्न पाषाण. सह्याद्री ज्या लाव्ह्याने घडला तोच हा काळा दगड, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्याचा वरचा भाग उष्ण, पावसाळी हवेत लाखो वर्षं कुजत गेला. पाण्याने त्यातला वाळूसारखा अंश धुऊन नेला आणि लोह-ॲल्युमिनियम मागे राहिलं, त्याचा झाला जांभा. जमिनीत असताना हा दगड इतका नरम असतो की त्यातून चिरे कापून काढता येतात, आणि बाहेर काढला की उन्हावाऱ्याने कडक होत जातो. कोकणातली घरं, देवळं, गडगे, पाखाड्या सगळं त्याच्यावर उभं आहे. मधला चिकण थर मात्र दुबळा. समुद्राच्या लाटा आणि पावसाचे ओघळ तो पोखरतात, वरचा जांभा अधांतरी राहतो आणि एखाद्या पावसात त्याची घरभर मोठी शिळा खाली येते. म्हणून या पट्ट्यात वाट कधी एका जागी राहत नाही. गेल्या वर्षीचं वळण यंदा नसतं. काकी तिथे थांबल्या, पुढचा भाग नीट न्याहाळला, काठीने दोन-तीन ठिकाणी टोचून बघितलं आणि मगच पाऊल टाकलं. जन्मभर उतरलेल्या बाईने प्रत्येक वेळी अनोळखी असल्यासारखी ती जागा तपासावी, हे बघून माझ्या मनात त्यांच्याविषयीचा आदर किती वाढला ते सांगता येणार नाही.

याच दुबळ्या थराचं एक देणंही आहे. सड्यावर पडलेला पाऊस जांभ्याच्या भोकांतून मुरत खाली येतो, चिकणीशी अडतो आणि उताराला झऱ्यासारखा फुटतो. कपारीत हातभर लांबीचं कुंड, पाणी गोडं, गार, तळाचा खडा न् खडा दिसणारं. शेजारी एक करवंटी उपडी घातलेली होती. काकींनी ती विसळून आधी मला दिली, मग स्वतः प्यायल्या आणि पुन्हा तशीच उपडी घातली. खारं पाणी तिथून इतकं जवळ आहे की लाट फुटल्यावरचे तुषार कधीकधी कुंडाच्या काठापर्यंत येतात. पौषातही हा झरा वाहतो. वरच्या विहिरी एप्रिलमध्ये तळ गाठतात, तेव्हा पूर्वी काही घरांतली माणसं इथून पाणी न्यायची, असं काकी म्हणाल्या. डोक्यावर हंडा घेऊन हा चढ. मी वर बघितलं आणि काही बोलले नाही.

खालचा टप्पा धोंड्यांचा. काळे, गुळगुळीत, टोपलीपासून बैलगाडीएवढ्या आकाराचे. यांवरून चालताना हलका धोंडा पायाखाली डुगडुगतो, म्हणून आधी टाच लावून बघायची. मग चिमूटभर वाळू लागते आणि तिच्यावर मर्यादवेल. आणि हो, प्लास्टिक. थर्माकोलचे तुकडे, जाळ्यांचे दोर, एकेकट्या चपला, बाटल्या. जिथे उतरायला माणसं धजत नाहीत तिथेही ते पोचलेलं असतं, कारण ते वाटेने आलेलंच नसतं. काकींनी दोर तेवढे गोळा केले. वेलींना आधार बांधायला उपयोगी पडतात.

खडप उघडे पडले होते. खडपावर समुद्र आपली सही करून जातो. वर एक पांढुरका, खरखरीत पट्टा असतो, तिथवर पाणी रोज येतं. त्याच्या खाली कालवांचा थर, त्याच्या खाली शेवाळाचा हिरवा पट्टा. परक्या माणसाने या तीन पट्ट्यांत आपण कुठे उभे आहोत एवढं ओळखलं तरी जीव वाचतो. काकी कालवांच्या पट्ट्यावर उकिडव्या बसल्या. टोकदार लोखंडाने वरचं शिंप उडवायचं, आतला गर अलगद उचलायचा, डब्यात टाकायचा. डब्यात समुद्राचंच पाणी. बारक्या कालवांना त्या हात लावत नव्हत्या, आणि एका जागी फार वेळ बसतही नव्हत्या. थोडं इथलं, थोडं तिथलं. दर काही मिनिटांनी मान वर करून लाटांकडे बघायच्या. पाठ समुद्राकडे कधीच केली नाही.

डोक्यावर कड्याच्या उंच झाडातून काकण उडाला. पांढरं पोट, राखी पंख, शहरातल्या पुस्तकांतला समुद्रगरुड. या पक्ष्याची घरटी उंच झाडांवर, वर्षानुवर्षं त्याच जागी असतात आणि हे त्यांच्या विणीचे दिवस. जोडीतला दुसरा बराच वेळ ओरडत राहिला. आम्ही खाली असणं त्यांना पसंत नव्हतं, हे उघड होतं.

आणि मग देवाची खोली. कड्याच्या पोटातली नैसर्गिक गुहा. कशेळीच्या कनकादित्याची मूर्ती या गुहेतून वर गावात आली, अशी इथली श्रद्धा. कथा अशी की काठेवाडातल्या वेरावळहून एक नावाडी जहाज घेऊन दक्षिणेकडे निघाला होता, जहाजात आदित्याची मूर्ती होती. कशेळीसमोर आल्यावर जहाज जागचं हलेना. शेवटी त्याने मूर्ती किनाऱ्यावरच्या गुहेत ठेवली आणि जहाज सुटलं. पुढे गावातल्या कनका नावाच्या सूर्यभक्त गणिकेला दृष्टान्त झाला, तिने गावकऱ्यांच्या मदतीने मूर्ती आणवून देऊळ उभारलं, आणि देव तिच्या नावाने कनकादित्य झाला. देवळाचं प्राचीनत्व नुसत्या कथेवर अवलंबून नाही. शिलाहार राजा दुसरा भोज याचा शके 1113चा, म्हणजे इसवी सन 1191चा ताम्रपट कशेळीचा आहे. महाराष्ट्रात सूर्याची नांदती देवळं मोजकी, त्यांतलं हे एक. रथसप्तमीला इथे मोठा उत्सव असतो, आणि ज्या देवाला गावाने एका गणिकेचं नाव दिलं त्या देवासमोर सगळी पंचक्रोशी गोळा होते. मला या गावाचा त्यासाठी फार अभिमान वाटतो.

गुहेच्या तोंडाशी उभी राहून मी वर बघितलं. कथेत नावाडी आहे, जहाज आहे, कनका आहे. ताम्रपटात राजा आहे. पण काळ्या पाषाणाची ती मूर्ती या धोंड्यांवरून, या चिकणीवरून, त्या घसाऱ्यावरून खांद्यावर घेऊन वर चढले त्यांचं नाव कशातच नाही. किती जण होते, कुठे टेकले, झऱ्यावर पाणी प्यायले का, निसरड्या वळणावर मागच्याने पुढच्याला काय सांगितलं? "आडवा चढ," असंच काहीतरी म्हणाला असेल. कथा खरी मानायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण ही कथा रचणाऱ्यांना वाट माहीत होती. खालून वर देव आणता येतो, हे त्यांना अशक्य वाटलं नाही.

पाणी फिरलं. काकींना ते माझ्या आधी कळलं. लाटांचा आवाज बदलतो म्हणे. मला बदललेला ऐकू आला नाही, पण थोड्या वेळाने ज्या खडपावर मी पिशवी ठेवली होती त्याच्या कडेला पाणी चाटू लागलं. निघालो. चढणीला काकींनी डबा डोक्यावर घेतला, चुंबळ घालून, आणि हात मोकळे ठेवले. चढताना धाप लागते, गुडघे मात्र सुखी असतात. झऱ्यावर थांबा, पाखाडीच्या पहिल्या चिऱ्यावर थांबा, गडग्यापाशी थांबा. हे थांबे ठरलेले आहेत, त्यांच्या मधे कुणी बसत नाही. त्या दिवशी दुपारी कालवांची आमटी-भात झाला. त्याचं वर्णन मी करत नाही, कारण ज्यांनी खाल्ली आहे त्यांना नको आणि ज्यांनी नाही त्यांना कितीही केलं तरी अपुरंच.

जेवताना वाटेचा विषय निघाला. कोकणातली पायवाट वापरली तर राहते, नाहीतर दोन पावसाळ्यांत रान ती गिळतं. पूर्वी गणपती झाले की वाडीतून घरटी एक माणूस यायचा आणि वाटेची बेणणी व्हायची. गवत, करवंद, वेली सपासप उतरवायच्या, निसटलेले चिरे जागेवर बसवायचे. आता पुष्कळ घरांना कुलपं आहेत. चाकरमानी गणपतीला येतात, पाच किंवा सात दिवसांत परततात, त्यांना दोष कसा द्यायचा? जी माणसं गावात आहेत त्यांना खाली जायची गरज उरलेली नाही. मासळी दारात येते, नळाला पाणी आहे. गेल्या पावसाळ्यानंतर काकींच्या घरच्यांनी बेणणी केली ती झऱ्यापर्यंत. खालचा भाग काकींनी येता-जाता कोयतीने साफ केला तेवढाच.

कुणीतरी असंही सुचवतं की सिमेंटच्या पायऱ्या आणि लोखंडी कठडा केला की सगळ्यांना उतरता येईल, गावात चार पैसे येतील. गावाला पैसे मिळावेत हे मला मनापासून वाटतं. पण त्या मधल्या चिकण थरावर सिमेंट टिकणार नाही, तो थर सरकतोच. आणि कठड्याच्या भरवशावर भरतीची वेळ न बघता उतरलेली माणसं, विणीच्या दिवसांत काकणाच्या झाडाखाली वाजणारी गाणी, हे डोळ्यांपुढे आलं की पोटात गोळा येतो. वरून समुद्र बघायला जागा आहे, ती चांगली करा, तिथे कचराकुंडी ठेवा, बसायला बाक ठेवा. खालच्या वाटेला हवी ती जांभ्याच्या चिऱ्यांची डागडुजी आणि तिथी विचारून, सोबत माहीतगार घेऊन उतरणारी माणसं. माहीतगाराला त्याचे पैसे मिळाले तर ती वाट राखणंही कुणाच्या तरी पोटाशी जोडलं जाईल. काकींचा धाकटा मुलगा पुण्याहून गावी परतायचा विचार करतोय, त्याच्याशी मी याच विषयावर रात्री उशिरापर्यंत बोलत बसले. त्याला लहानपणी आजीबरोबर उतरल्याचं आठवतं, वळणं आठवत नाहीत.

यंदा गणपतीनंतर, पाऊस उघडला की, झऱ्याच्या खालची बेणणी करायचं ठरलंय. काकी पुढे राहून वाट दाखवणार, तो आणि त्याचे दोन मित्र चिरे बसवणार, मी गवत काढणार. दिवस काकींनी कॅलेंडरावर खूण करून ठेवलाय, तृतीयेचा.